घटस्फोट पाप, पण बायका सोडल्याशिवाय बाप्तिस्मा नाही!

आमच्या टीममध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनचा एक झुलू सहकारी आहे. परवा गप्पांत त्याला विचारलं, "तुमच्याकडे पूर्वी काडीमोड कशी व्हायची?" तो म्हणाला, "आधी गुरांचा हिशेब!"

लोबोला म्हणजे आपल्याकडचं जुनं देज. वरपक्षानं वधूच्या बापाला गुरं द्यायची. १८६९ मध्ये नाताळ या (डर्बनच्या भागातल्या) वसाहतीच्या इंग्रज सरकारनं सामान्य माणसासाठी दहा गुरांची मर्यादा घातली होती. लग्न मोडायचं तर प्रश्न यायचा गुरं परत करण्याचा, आणि खरी गोम तिथंच. बहिणीच्या गुरांवर अनेकदा भावाचं लग्न झालेलं असायचं. मग मार खाऊन माहेरी आलेल्या बहिणीची समजूत घालून तिला परत धाडणारा तोच! नवरा मेला तर दिरानं तिला ठेवायचं, आणि होणारी मुलं मेलेल्याच्या नावावर. त्यापेक्षा विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक देणारा बायबलातला पौल बरा म्हणायचा. त्यामुळे "परंपरेत सगळं छान होतं" वगैरे मला कुणी सांगू नये.

पण मिशनऱ्यांनीही कमाल केली. एकीकडे बायबलातल्या मत्तयाचा १९वा अध्याय वाचायचा, 'देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये', आणि दुसरीकडे तीन बायकांच्या नवऱ्याला सांगायचं, दोघींना सोड, मग बाप्तिस्मा! हा उफराटा न्याय नाताळचे बिशप कोलेन्सो यांना खटकला. १८५५ मध्येच त्यांनी लिहिलं, की अशी बायको सोडायला लावणं हे येशूच्या शब्दांविरुद्ध आहे. ऐकतंय कोण? १८८८ च्या लंडनमधल्या लँबेथ परिषदेत अँग्लिकन (म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या पंथातल्या) बिशपांनी बहुपत्नीक पुरुषांना बाप्तिस्मा नाकारला. असलेल्या बायका न सोडता बाप्तिस्म्याची वाट मोकळी झाली थेट १९८८ मध्ये, तीही 'आता आणखी लग्न नाही' या अटीवर.

सहकाऱ्याची पणजी अशीच सोडलेली, दुसरी बायको. पणजोबा चर्चच्या पहिल्या बाकावर, ही माहेरच्या मागच्या झोपडीत. चर्चच्या लेखी ती कधी बायको नव्हतीच.

"मग तिनं दुसरं लग्न का नाही केलं?" मी विचारलं.

"कसं करणार? पणजोबांनी गुरं परत मागितलीच नाहीत."