रॉड होल्डरला चार स्क्रू पुरत नाहीत

कोल्हापुरातल्या गळवाल्यांच्या ग्रुपवर सध्या रॉड होल्डरबद्दल, म्हणजे होडीच्या काठावर गळाची काठी (रॉड) खोचून ठेवायच्या नळीबद्दल, एक मेसेज जोरात फिरतोय: "फायबरच्या छोट्या होडीला रॉड होल्डर बसवायला चार स्क्रू आणि एम-सील बास. आपल्याकडचे मासे दोन-तीन किलोचे, धरणाचं पाणी शांत. उपटलाच तर होल्डर जाईल, दुसरं काय?" राधानगरीच्या नाहीतर काळम्मावाडीच्या पाण्यात ट्रोलिंग करणाऱ्या कुणीही हे ऐकू नये, असं मला मनापासून वाटतं.

मासे लहान, हे खरं. पण होल्डरचं कंबरडं मोडतं ते माशानं नव्हे. ट्रोलिंगमध्ये होडी चालती असते आणि गळ मागून ओढत येतो. तो बुडालेल्या खोडात अडकला, की माणसं, मोटार, बॅटरीसकट अख्ख्या होडीचा हिसका रॉडवर बसतो. त्यात रॉड पहारीसारखं काम करतो. समजा, दोर 5 किलोनं ओढतोय आणि वाकलेल्या रॉडचं टोक होल्डरच्या बुडापासून 1 मीटरवर आहे. पुढच्या आणि मागच्या स्क्रूंमध्ये 8 सेंटीमीटर अंतर असेल, तर एका बाजूच्या जोडीला उपटणारा जोर 60 किलोच्या वर जातो! पाणी शांत असलं तरी हा हिशेब बदलत नाही.

बरं, स्क्रू धरणार कशात? लहान होडीच्या काठाचं फायबर जेमतेम काही मिलीमीटरचं. आट्यांना दोन-तीन वेढ्यांचीच पकड मिळते आणि हादऱ्यांनी भोक मोठं होत जातं. आत प्लायवूड असेल तर पाणी मुरून ते कुजतं, वरून पत्ताही लागत नाही. एम-सील भोक बुजवतं, ओढ सोसत नाही.

त्यामुळे बोल्ट आरपारच हवेत. 6 मिलीमीटरचे स्टेनलेस बोल्ट, रुंद वायसर, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्यांनी सैल न होणारे) आणि खालून होल्डरच्या बुडापेक्षा मोठी ॲल्युमिनियमची जाड पट्टी किंवा 12 मिलीमीटरचा मरीन प्लाय. पट्टी उद्यमनगरात कापून, भोकं पाडून मिळते. फायबरला भोक पाडलं की वरच्या चकचकीत थराची कड मोठ्या ड्रिलनं हलकी उतरवा, नाहीतर बोल्ट आवळताना तिथूनच तडे जातात. सिलिकॉन लावा, पण पाणी अडवण्यापुरतंच.

"होल्डर जाईल, दुसरं काय" हे वाक्य मात्र मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. होल्डर उपटला की माणूस रॉड धरायला झेपावतो, सगळा भार एका काठावर येतो आणि अरुंद होडी कलंडते. लाइफ जॅकेट अंगात हवंच. रॉडला वेगळी दोरी बांधून ती होडीच्या पक्क्या कडीत अडकवा. रिळाचा ड्रॅग, म्हणजे किती ओढीला दोर सुटायला लागेल तो ब्रेक, दोराच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर ठेवा, म्हणजे गळ अडकला तरी आधी दोर सुटत राहतो आणि मोटार बंद करायला वेळ मिळतो.

पाण्यात उतरण्याआधी होडी काठावर असतानाच होल्डरमध्ये लोखंडी पाइप खोचा आणि ताणकाटा लावून मागं ओढा. बूड हललं किंवा फायबर वाकलेलं दिसलं, तर खालची पट्टी मोठी करून घ्या.