गादीखालचं सोनं

आमच्या घरात गादी उन्हात घालायची असली तर आधी ह्यांची परवानगी लागते. गादीखाली 'मॅकेनाज गोल्ड' ह्या जुन्या इंग्रजी सिनेमाचं पोस्टर झोपलंय. अस्सल अमेरिकन, २७ बाय ४१ इंच.

मागच्या दिवाळीच्या साफसफाईत मला त्यावर घड्या दिसल्या. म्हटलं, "अहो, वरून कापड टाकून हलकी इस्त्री फिरवू का?" ह्यांचा चेहरा पांढराफटक! त्या काळी थिएटरांना पोस्टरं घडी घालूनच पाठवत म्हणे, त्यामुळे घडी हाच जुनेपणाचा दाखला. कपाटातल्या माझ्या पैठणीची घडी मोडली नाही तर ती विरते, तिची काळजी मात्र कुणाला नाही.

हा सिनेमा १९६९चा. अमेरिकेत सपशेल पडला आणि आपल्याकडे लोकांनी डोक्यावर घेतला. ह्यांच्या वयाच्या चार पुरुषांसमोर नुसतं नाव काढा. आधी ग्रेगरी पेक, मग ओमर शरीफ, मग अ‍ॅरिझोनातल्या त्या सुळक्याची सकाळच्या उन्हात सरकत जाणारी सावली, मग घोडे. आणि मग ज्यूली न्यूमारचं पोहणं आलं की आवाज एकदम खाली. मी चहा घेऊन आले की पुन्हा घोडे.

बरं, एवढं प्रेम आहे तर लावा सिनेमा! तर ह्यांनी मागवलेली डीव्हीडी अमेरिकेची, रीजन १, म्हणजे तिकडच्याच प्लेअरवर चालणारी. आमचा प्लेअर इकडचा, रीजन ५. ती लागत नाही. "लावायची नाहीच ती, ठेवायची आहे," असं मला समजावण्यात आलं.

मी एकदा सरळ विचारलं, पोस्टर कितीला पडलं? सिनेमात मॅकेना, म्हणजे ग्रेगरी पेक, सोन्याचा नकाशा एकदा बघतो आणि जाळून टाकतो. त्यानंतर तो फक्त त्याच्या डोक्यात. आमच्याकडे बिलाचं तसंच झालेलं दिसतंय. त्या नकाशापायी ओमर शरीफ मॅकेनाला पळवून तरी नेतो. मी ह्यांना कुठे नेणार? भाजी आणायला?

हल्ली ह्यांना कळलंय की इटलीत ह्याच सिनेमाचं मोठं पोस्टर निघालं होतं. तिकडच्या मोठ्या पोस्टरांचं माप ५५ बाय ७८ इंच. काल रात्री उशिरा हे टेप घेऊन पलंगाभोवती फिरत होते. पलंगाची लांबीही ७८ भरली.

"कडेला जरा सरकून झोपशील ना गं?" म्हणाले.