‘कोर्टातली नोकरी सगळ्यात आरामाची’? एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिन्याभरात एकच मजकूर मला चौघांनी पाठवला. चौथा माझा भाचा. बी.कॉम. झालाय, भरतीची तयारी करतोय. मजकुराखाली त्यानं एवढंच विचारलं होतं, “मावशी, हे खरं आहे का गं?”

मजकूर असा: “कोर्टातली नोकरी म्हणजे सरकारी नोकऱ्यांत सगळ्यात आरामाची. दहा ते पाच काम. मे महिन्यात साहेबांबरोबर महिनाभर सुट्टी, दिवाळी-नाताळची वेगळी. काम काय, तर तारीख द्यायची. पगार कमी, पण वरकमाई भरपूर. परीक्षा नावाला, खरी लागते ती ओळख आणि पैसा. घाई करा, ई-कोर्ट पूर्ण झालं की ही पदं बंद होणार. एमबीए असाल तर थेट कोर्ट मॅनेजर व्हा, पगार न्यायाधीशाएवढा.”

मी एकतीस वर्षं जिल्हा न्यायालयाच्या आस्थापनेवर काढली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. भाच्याला फोनवर उत्तर देता आलं असतं, पण हा मजकूर त्याच्या वयाच्या कितीतरी मुलांपर्यंत पोचलाय, म्हणून सविस्तर लिहिते.

“काम काय, तर तारीख द्यायची.” इथूनच सुरुवात करते.

तारीख न्यायाधीश देतात. लिपिक ती रोजनाम्यात लिहितो. रोजनामा म्हणजे प्रकरणाची दिवसागणिक नोंद: आज कोण हजर होतं, कोण नव्हतं, कोणता कागद दाखल झाला, त्याला कितवी निशाणी पडली, काय आदेश झाला, तारीख का वाढली, पुढची कोणती. दहा वर्षांनी प्रकरण अपिलात गेलं आणि वाद निघाला, की अमुक दिवशी साक्षीदार आला होता की नव्हता, तर वरचं कोर्ट रोजनामा उघडतं. त्या दिवसाचा साक्षीदार तोच कागद.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी माझ्या हातून एक चूक झाली. पोटगीचं प्रकरण होतं, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५. अर्जदार बाई खेड्यातून यायची, दोन एसट्या बदलून, कडेवर पोर घेऊन. रोजनाम्यात मी तारीख बरोबर लिहिली, १७. तिला द्यायच्या चिठ्ठीवर मात्र २७ लिहिली. बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, मोठा होता, दुपारचे दोन वाजले होते, समोर वकिलांची गर्दी होती. १७ तारखेला पुकारा झाला, ती नव्हती, समोरचे वकील उभे राहिले आणि गैरहजेरीत अर्ज निकाली निघाला. २७ ला ती आली. बोर्डावर नाव सापडेना म्हणून माझ्यासमोर येऊन चिठ्ठी धरली. अक्षर माझंच होतं.

मी चिठ्ठी घेऊन न्यायाधीश साहेबांच्या चेंबरमध्ये गेले आणि काय झालं ते सांगितलं. प्रकरण पुन्हा बोर्डावर घेण्याचा अर्ज झाला, मंजूरही झाला, पण समोरच्याला नोटीस, त्याचं म्हणणं, युक्तिवाद यांत चार महिने गेले. त्या चार महिन्यांत तिला एक रुपया पोटगी मिळाली नाही. मला कोणी शिक्षा केली नाही. तिनं ते महिने कसे काढले, हे विचारायचा मला धीर झाला नाही. पुढची सगळी वर्षं मी चिठ्ठी दिली की पक्षकाराला तारीख मोठ्यानं वाचायला लावायची. वाचता येत नसेल तर मी तीनदा म्हणून दाखवायची.

‘तारीख द्यायची’ ती ही.

आणि हे झालं फक्त बेंच क्लार्कचं, म्हणजे कोर्टात न्यायाधीशांपुढे बसणाऱ्या लिपिकाचं, टेबल. मुद्देमाल सांभाळणाऱ्याकडे रक्ताचे कपडे, कोयते, गावठी कट्टे, चोरीचं सोनं असतं. सील तुटलं किंवा नंबर चुकला, तर आरोपीचा वकील तेवढ्यावर अख्खा पुरावा संशयात टाकतो. नाझराकडे पक्षकारांनी कोर्टात भरलेल्या रकमांचा हिशेब असतो. नक्कल विभागातल्या माणसाच्या सहीवर लोक वरच्या कोर्टात अपील करतात, आणि अपिलाला ठरावीक मुदत असते.

समन्स बजावणाऱ्या आणि जप्ती करणाऱ्या बेलिफाचं काम तर लोकांना माहीतच नसतं. दिवाणी प्रक्रिया संहिता त्याला सांगते, की जंगम मालाच्या जप्तीसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी राहत्या घरात शिरायचं नाही (कलम ६२). कलम ६० सांगतं, की ऋणकोच्या, म्हणजे पैसे देणं लागणाऱ्याच्या, कुटुंबाचे अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, बैल आणि बियाणं यांना हात लावायचा नाही. रूढीप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिनेही सोडायचे, म्हणजे आपल्याकडे मंगळसूत्र. दारात भांडण चालू असतं, घरातली बाई रडत असते, गल्ली जमलेली असते, आणि वारंवार ‘आपल्या साहेबांना सांगा’ असं दरडावलं जात असतं. अशा वेळी काय घ्यायचं आणि काय सोडायचं, हे त्या एकट्या माणसाला कायद्याप्रमाणे ठरवावं लागतं, मग पंचनामा आणि अहवाल लिहावा लागतो. समन्स घ्यायला नकार आला तर दारावर चिकटवून कधी, कुठे, कोणासमोर चिकटवलं हे लिहावं लागतं. त्या शेऱ्यात कसूर राहिली तर एकतर्फी झालेला निकालसुद्धा पुढे रद्द होऊ शकतो.

“मे महिन्यात साहेबांबरोबर महिनाभर सुट्टी.” उन्हाळी सुट्टीत दिवाणी कामाचा बोर्ड हलका होतो, हे खरं. कार्यालय बंद होत नाही. पाळ्या लागतात, तातडीचे अर्ज येतात, रेकॉर्डची तपासणी तेव्हाच उरकावी लागते. फौजदारी बाजू तर थांबूच शकत नाही. अटक केलेल्या माणसाला २४ तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करायचं, हे राज्यघटनेचं कलम २२ सांगतं. त्याला रविवार माहीत नाही आणि लक्ष्मीपूजनही माहीत नाही. रिमांडला, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचं का हे ठरवायला, न्यायाधीश बसले की शेजारी लिपिक असतो. माझ्या दोन दिवाळ्यांची संध्याकाळ रिमांडच्या कागदांत गेली. त्याची तक्रार नाही. पोलीस कोठडीतून आलेल्या माणसाला पहिल्यांदा कोणीतरी “मारहाण झाली का?” असं विचारतं ते तिथे, आणि त्याचं उत्तर कागदावर यावं लागतं.

“पगार कमी.” जिल्हा न्यायालयांच्या भरतीच्या २०२३च्या जाहिरातीतल्या वेतनश्रेण्या सांगते: शिपाई/हमाल १५,००० ते ४७,६००, कनिष्ठ लिपिक १९,९०० ते ६३,२००, लघुलेखक श्रेणी ३ साठी ३८,६०० ते १,२२,८००, आणि वर भत्ते. लिपिकाची सुरुवात आणि लघुलेखकाची सुरुवात यांत जवळपास दुपटीचा फरक आहे. तरी मुलं लघुलेखनाकडे वळत नाहीत. वर्ष-दीड वर्ष रोज हात घासावा लागतो, म्हणून. इंग्रजी शंभर आणि मराठी ऐंशी शब्दांचा वेग लागतो. ज्याला खरोखर कोर्टात यायचंय त्याला माझा पहिला सल्ला हाच असतो, की शॉर्टहँड शीक.

आता ते घातक वाक्य. “वरकमाई भरपूर.”

न्यायालयीन कर्मचारी पैसे घेताना लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या सापळ्यात सापडल्याच्या बातम्या येतात. त्या खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. माझ्या डोळ्यांसमोर काही टेबलांवर ‘चहापाणी’ झालेलं आहे, आणि सुरुवातीच्या वर्षांत मी गप्प बसले आहे. पण हा मजकूर लिहिणारा त्या रोगालाच नोकरीचा फायदा म्हणून विकतोय, आणि बावीस वर्षांच्या पोरांना विकतोय. समन्सला प्रोसेस फी (बजावणीचं शुल्क) ठरलेली आहे, नकलेला फी ठरलेली आहे, दोन्हींची पावती मिळते. त्यावर घेतलेला प्रत्येक रुपया गुन्हा आहे, आणि तो देणारा बहुतेक वेळा आधीच कोर्टकचेरीत नागवला गेलेला असतो. नकलेसाठी कनवटीची नोट काढणारा म्हातारा ज्यानं पाहिलाय, त्याला ‘वरकमाई’ हा शब्द उच्चारवत नाही. ज्याला हीच कमाई खुणावते आहे, त्यानं कृपा करून अर्ज भरू नये.

“परीक्षा नावाला, लागते ती ओळख आणि पैसा.” डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं राज्यातल्या जिल्हा न्यायालयांसाठी जाहिरात काढली, एकूण ४,६२९ पदांची: लघुलेखक ५६८, कनिष्ठ लिपिक २,७९५, शिपाई/हमाल १,२६६. लिपिकाला चाळणी परीक्षा, मग टंकलेखन, मग मुलाखत. टायपिंगचा वेग ओळखीनं वाढत नाही. मराठी मिनिटाला तीस शब्द, इंग्रजी चाळीस. मुलं गळतात ती बहुधा इथे, आणि मराठीत जास्त. इंग्रजी मोबाइलवर सरावाची झालेली असते, जोडाक्षरांशी गाठ परीक्षेतच पडते. जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, १९९८च्या अधिसूचनेपासून तर स्पष्टच. जबाब मराठीत, रोजनामा मराठीत. ज्याची मराठी कच्ची त्याचा इथे निभाव लागणं अवघड.

एलएलबी लागते हाही एक समज आहे. लिपिकाला पदवी पुरते, शिपायाला सातवी. नोकरी सांभाळून कायदा शिकणारे मात्र मी अनेक पाहिले, आणि महाराष्ट्र न्यायिक सेवा नियम, २००८ मध्ये कायद्याची पदवी घेऊन तीन वर्षं सेवा झालेल्या न्यायालयीन कर्मचाऱ्यालाही दिवाणी न्यायाधीश पदाच्या परीक्षेला बसण्याची सोय ठेवली आहे. या प्रवेशाच्या अटींवर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा नवा निकाल आलाय, तेव्हा त्या वर्षीची जाहिरात शब्दन्‌शब्द वाचूनच पुढे जा.

पैशाबद्दल एवढंच. आमच्या शेजारच्या एका घरानं मुलाच्या नोकरीसाठी अर्धा एकर विकून एका ‘आतल्या माणसाला’ पैसे दिले होते. तो माणूस आतला नव्हता. यादीत नाव आलं नाही, फोन बंद झाला. लाच दिलेली, म्हणून पोलिसांत जायलाही ते घाबरले.

“ई-कोर्ट पूर्ण झालं की पदं बंद.” ई-कोर्ट, म्हणजे न्यायालयांचं कामकाज संगणकावर आणण्याचा प्रकल्प, २००७ पासून चालू आहे. तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रानं ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. देशभरच्या जिल्हा न्यायालयांत चालणारी सीआयएस (केस इन्फर्मेशन सिस्टिम) ही प्रणाली पुण्याच्या एनआयसीनं, म्हणजे केंद्र सरकारच्या संगणक संस्थेनं, बनवलेली आहे. घरबसल्या तुम्ही मोबाइलवर सोळा अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रकरणाचा ओळखक्रमांक, टाकता आणि पुढची तारीख दिसते, ती तिथे भरतं कोण? त्याच दिवशी, बोर्ड संपल्यावर, तोच लिपिक. बेलिफाच्या हाती आता फोन आहे, त्यावर बजावणीची जागा आणि वेळ नोंदली जाते. माझ्या त्या चिठ्ठीसारखी चूक आज पक्षकाराला जाणाऱ्या मेसेजमुळे टळेल, याचा मला मनापासून आनंद आहे. पण प्रणालीत १७ ऐवजी २७ भरलं, तर तो मेसेजही २७ असाच जाईल.

काम बदललं, कमी झालं नाही. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले. आता एकाच बोर्डावर जुन्या खुनाच्या खटल्याला भादंविचं (भारतीय दंड संहितेचं) कलम ३०२ आणि नव्याला भारतीय न्याय संहितेचं कलम १०३. दोन्ही संहिता डोक्यात ठेवून नोंद करावी लागते. जुनं रेकॉर्ड स्कॅन करायचं तर आधी ते लावावं लागतं, पानं मोजावी लागतात, निशाण्या जुळवाव्या लागतात. जमिनीच्या जुन्या दाव्यांत मोडी कागद निघतात, ते यंत्राला दिसतात, पण वाचायला माणूसच लागतो. देशातल्या जिल्हा न्यायालयांत चार कोटींहून जास्त प्रकरणं पडून आहेत. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, सहा जिल्ह्यांची प्रकरणं तिकडे गेली. नवं न्यायदालन म्हटलं की फायलिंग, रेकॉर्ड, नक्कल, शिपाई सगळंच नव्यानं उभं करावं लागतं.

“एमबीए असाल तर कोर्ट मॅनेजर, पगार न्यायाधीशाएवढा.” तेराव्या वित्त आयोगानं २०१० ते २०१५ या काळासाठी कोर्ट मॅनेजरांकरता ३०० कोटी दिले, म्हणून ही पदं आली. न्यायाधीशांच्या माथ्यावरचं व्यवस्थापनाचं ओझं उतरावं हा हेतू उत्तम होता. पण नेमणुका कंत्राटी झाल्या, पैसा थांबला तशी अनेक राज्यांनी पदंच सोडून दिली, आणि शिकलीसवरलेली माणसं वर्षानुवर्षं मुदतवाढीवर राहिली. या माणसांना नियमित करा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये सांगितलं, पुन्हा १६ मे २०२५ ला सांगितलं. या वेळी तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठानं उच्च न्यायालयांना आसामचे २०१८चे नियम नमुना धरून भरतीचे नियम करायला सांगितलं, आणि दर्जा किमान वर्ग दोन राजपत्रित ठरवून दिला. चांगली वाट आहे, पण ‘न्यायाधीशाएवढा पगार’ यात कुठेच नाही.

फॉरवर्डमध्ये जे नाही तेही सांगते. बढती हळू मिळते. कनिष्ठ लिपिक, वरिष्ठ लिपिक, सहायक अधीक्षक, अधीक्षक, प्रबंधक, असा जिना आहे आणि एकेका पायरीवर दहा-दहा वर्षं जाऊ शकतात. रिकाम्या पदाचं टेबल शेजारच्याला सांभाळावं लागतं. रेकॉर्ड रूमच्या धुळीनं मला दम्याचा पंप घ्यावा लागतो. चिडलेल्या पक्षकारांचा राग न्यायाधीशांपर्यंत पोचत नाही, तो आपल्या टेबलावर रिकामा होतो.

भाच्याला हे सगळं सांगितल्यावर मी त्याला म्हटलं, परीक्षेची पुस्तकं नंतर आण. आधी कामाच्या दिवशी अकरा वाजता आपल्या तालुक्याच्या कोर्टात जा. खुलं न्यायालय असतं, कोणीही मागच्या बाकावर बसू शकतं. मोबाइल बंद ठेव. न्यायाधीशांकडे आणि वकिलांकडे बघू नकोस. डायसच्या, म्हणजे न्यायाधीशांच्या उंच आसनाच्या, खाली, फायलींच्या ढिगाआड जो माणूस मान खाली घालून लिहीत असतो, त्याच्याकडे जेवणाच्या सुट्टीपर्यंत बघत बस.