मधली एक पिढी सोडावीच लागते

फळमाश्यांवरच्या निवडीच्या प्रयोगांबद्दल एका लेखात म्हटलंय की लवकर वाढण्यासाठी निवडलेल्या (म्हणजे दर पिढीत लवकर वाढणाऱ्यांचीच पुढची पिढी घेतलेल्या) फळमाश्या बाटलीतून काढून थेट नियंत्रण गटाशी, म्हणजे अशी निवड न केलेल्या माश्यांशी, ताडून पाहिल्या, की जनुकीय फरक कळतो. गफलत इथेच होते. आईच्या अवस्थेचा पिल्लांवर होणारा परिणाम हुबेहूब जनुकीय फरकासारखा दिसतो. म्हणून आधी दोन्ही गट एक पिढी निवडीचा दाब काढून, अगदी सारख्या परिस्थितीत वाढवतात. मोजायची ती त्यांची पिल्लं.

दुसरं म्हणजे अंड्यांची संख्या, जिचा लेखात उल्लेखच नाही. ६ मिली केळी-गुळाच्या खाद्यात ६०-७० अंडी ब्रशनं मोजून टाकायची, अंदाजपंचे नाही. गर्दी झाली की अळ्यांच्याच उत्सर्गातला अमोनिया खाद्यात साठतो, वाढ लांबते, माश्या किरट्या निघतात आणि वर जास्त जगूही शकतात! ‘आकाराच्या बदल्यात आयुष्य’ असा सुरेख निष्कर्ष हाती येतो, पण तो निव्वळ गर्दीचा. अंडी घालायला तासभरच द्यावा, आणि त्याआधीच्या तासाची अंडी फेकून द्यावीत. माद्या फलित अंडी पोटात धरून ठेवतात, ती आतच वाढू लागलेली असतात. २५ अंश सेल्सिअसला नऊ-दहा दिवसांच्या वाढीत काही तासांचा फरक शोधताना हे फार महागात पडतं. आणि हो, माश्या शेकड्यांनी मोजल्या तरी पिढ्यान्‌पिढ्या वेगवेगळे वाढवलेले स्वतंत्र समूह चार असतील तर संख्याशास्त्राच्या दृष्टीनं नमुना चारचाच.