जुनी बोर्दो म्हणजे ढोंग? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया नीट वाचली, दोन ओळींत उत्तर देण्यासारखी नाहीये म्हणून जरा सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की मामांनी फ्रान्सहून आणलेली १९९० ची मेडॉक (फ्रान्सच्या बोर्दो प्रांतातल्या मेडॉक भागाची लाल वाइन) पुण्याच्या घरी कपाटात वर्षानुवर्षं जपून ठेवली होती, उघडली तर तपकिरी, आंबट आणि तळाशी गाळ. फळाची चव गेलेल्या वाइनला लोक उगाच डोक्यावर घेतात, आणि रंग घातलेली पांढरी वाइनसुद्धा तज्ञांना ओळखता येत नाही, मग हे सगळं ढोंगच.

आधी तो प्रयोग. २००१ साली प्रसिद्ध झालेला, बोर्दो विद्यापीठातला. त्यात ५४ जण होते आणि ते वाइनशास्त्र शिकणारे विद्यार्थी होते. एकच पांढरी वाइन, एका ग्लासात तशीच आणि दुसऱ्यात बिनवासाचा लाल रंग घालून, आणि वासांच्या यादीतला एकेक शब्द दोन्हींपैकी कुठल्या ग्लासात जास्त जाणवतो ते सांगायचं. लाल ग्लासाला लाल वाइनचे शब्द चिकटले. डोळे नाकाला ओढून नेतात हे त्यातून पक्कं कळतं आणि मला ते शंभर टक्के मान्य आहे, म्हणूनच मी बाटली कागदात गुंडाळून चाखावी असं म्हणतो. पण तरुण आणि जुन्या वाइनमध्ये फरक असतो की नाही, हा त्या प्रयोगाचा विषयच नव्हता.

आता मुद्द्याचं. फळाची चव कमी झाली म्हणजे वाइन खराब झाली, हे तुमचं गृहीतक मला पटत नाही. तरुण पोइयाक किंवा सँ-ज्युलिएँ (मेडॉकमधल्या गावांच्या वाइन) घ्या, त्यात काबर्ने सोव्हिन्यों ही काळी द्राक्षं भरपूर, आणि सालीतून, बियांतून, ओकच्या पिंपातून आलेलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा देणारं द्रव्य, इतकं की जास्त उकळलेला कोरा चहा प्यायल्यासारखी जीभ खरखरीत होते. वर्षं जातात तसं हे टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना चिकटत जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात, म्हणून जांभळा रंग विटकरीकडे झुकतो आणि तुरटपणा मऊ होतो. तो गाळ म्हणजे बिघाड नव्हे हो! बाटली एक-दोन दिवस उभी ठेवायची, मग मानेखाली उजेड धरून अगदी सावकाश ओतायची आणि काळपट धार मानेपाशी आली की तिथेच थांबायचं, तळाचं दोन बोटं सोडून द्यायचं. तुमच्याकडे बहुतेक ते सगळं ग्लासात गेलं.

१९९६ ची लिओव्हिल बार्तों मी प्यायलोय, सँ-ज्युलिएँची. ओतल्याबरोबर फारसं काही नाही, जरा बंद बंदच. मग शिसपेन्सिल सोलल्यावर येतो तो वास, तंबाखू, देवदाराची फळी, ओली माती, आणि वीसेक मिनिटांनी ब्लॅककरंट परत आलं, पण आता ते या सगळ्याच्या मागे उभं होतं, पुढे नाही. त्या वाइनमध्ये फळ मेलेलं नव्हतं, त्याला सोबत मिळाली होती. ही सोबत तरुण बाटलीत मिळत नाही, कितीही पैसे मोजा, आणि याच एका गोष्टीसाठी मी जुन्या बोर्दोच्या मागे लागतो.

पण सगळ्याच मुरत नाहीत, हे तितकंच खरं. १९७५ च्या कित्येक बाटल्यांत टॅनिन इतकं कडक होतं की ते मऊ व्हायच्या आत फळ संपलं, आणि साध्या बोर्दोच्या बहुतेक बाटल्या तर चार-पाच वर्षांत पिऊन टाकायच्याच असतात. फक्त बोर्दोच मुरते असंही नाही. १९७६ च्या पॅरिसच्या चाचणीत, जिथे नावं झाकून फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन चाखल्या, कॅलिफोर्नियाची काबर्ने पहिली आली तेव्हा बरेच जण म्हणाले थांबा, बोर्दो मुरू दे. ३० वर्षांनी त्याच वाइन परत चाखल्या तर पुन्हा कॅलिफोर्नियाचीच पहिली, १९७१ ची रिज मॉंते बेलो. आणि मोठ्या नावाच्या मागे लागायलाच हवं असंही काही नाही, मेडॉकचीच सोसियान्दो-माले बोर्दोच्या नामांकित वाइनच्या १८५५ च्या अधिकृत यादीत नाही पण सुरेख मुरते.

तुमच्या बाटलीचं कारण मला कपाटात दिसतंय. वाइन ठेवायची १२-१४ अंशांत, अंधारात, आडवी. पुण्यात एप्रिल-मेमध्ये पारा ३८-४० ला जातो आणि असे किती उन्हाळे तिने काढले! एवढ्या उष्णतेत वाइन शिजते, बूच सैल होतं, हवा आत जाते. त्या बाटलीवरून सगळ्या जुन्या बोर्दोचा निकाल लावणं मला अन्यायाचं वाटतं.

मामांकडे त्याच खोक्यातली अजून एक आहे म्हणालात, ती आता ठेवू नका. वाइनची पातळी बघा, मानेत असेल तर थोडी आशा आहे, खांद्याच्या खाली उतरली असेल तर फारशी नाही. जुनं बूच साध्या स्क्रूने तुटतं, दोन पात्यांचं ओपनर मिळालं तर बघा. आणि पहिल्या घोटावर मत बनवू नका, ग्लासात अर्धा तास राहू द्या आणि मधेमधे वास घेत रहा. काय निघालं ते इथे नक्की लिहा, वाईट निघाली तरी.