घरी बसलेल्या पायलटचा पगार

घरी बसून पगार घेणारे राखीव पायलट प्रत्येक विमान कंपनीकडे असलेच पाहिजेत. त्या पगाराचा भार आपल्या तिकिटावर पडला तरी पडू दे. हे मत मी आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर मांडलं आणि मंडळी तुटून पडली. "लाखांनी पगार घ्यायचा, फोन उशाशी ठेवून घरात लोळायचं, आणि वर थकवा आला म्हणायचं!" असा एकूण सूर. तिथे उत्तर देत बसलो नाही, म्हणून ही लांबण इथे.

माझी नोकरी भुसावळला रेल्वेच्या लॉबीत, म्हणजे ड्रायव्हरांना गाड्यांवर ड्युटी लावणाऱ्या ऑफिसात, गेली. कुठल्या गाडीवर कोणता ड्रायव्हर, कोणता असिस्टंट, कोण आऊटस्टेशनला अडकलाय, कोणाचा पीआर, म्हणजे ठरावीक काळाने मिळणारी विश्रांती, बाकी आहे, हाच आयुष्यभराचा हिशेब. फोन नव्हते तेव्हा कॉलमन सायकलवरून रात्री-अपरात्री रेल्वे क्वार्टरचं दार वाजवायचा आणि ड्रायव्हरची सही घेऊन यायचा. त्या काळापासून एक गोष्ट पक्की डोक्यात बसली: सगळी माणसं लिंकमध्ये, म्हणजे ठरलेल्या गाड्यांच्या पाळ्यांत, अडकवून टाकली की रोस्टर कागदावर सुंदर दिसतं आणि पहिल्याच पावसात झोपतं. म्हणून तर रेल्वेत मंजूर पदांमध्येच लीव्ह रिझर्व्ह, म्हणजे रजेवरच्यांच्या जागी लागणारी जादा माणसं, धरलेला असतो. ती पदं भरतात किती, हा वेगळा विषय, त्यावर मला बोलायला लावू नका.

माझी भाची एका विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिने बजावून ठेवलंय. तिच्या रोस्टरमध्ये काही दिवस 'होम स्टँडबाय' असतात. म्हणजे ठरलेल्या वेळात फोन आला तर गणवेश चढवून निघायचं. कुठे, किती वाजता, परत कधी, काही माहीत नसतं. आता समजा स्टँडबाय पहाटे तीनपासून सुरू होतोय. आदल्या रात्री आठला झोपायचं म्हटलं तर झोप येत नाही. उशिरा झोपलं आणि तीनलाच फोन आला तर अर्धवट झोपेत कॉकपिट. फोन सकाळी अकराला आला तर आणखी पंचाईत, कारण तोवर ती आठ तास कान टवकारून जागीच असते, आणि खरी ड्युटी त्यानंतर चालू होते. तिची आई म्हणते, "मग झोप ना दुपारपर्यंत!" यावर ती हसते आणि मला म्हणते, "मामा, तुम्हीच समजवा हिला."

तर घरी बसणं ही विश्रांती नसते. हे मान्य केलं की खरा प्रश्न येतो: वाट पाहण्याचे तास मोजायचे की नाही?

अमेरिकेत हा प्रश्न लिहून सोडवलाय. तिथे रिझर्व्हवरच्या, म्हणजे राखीव, पायलटच्या 'शॉर्ट कॉल'ची, म्हणजे फोन आला की लगेच निघायच्या तयारीत राहण्याची, मुदत १४ तासांपेक्षा जास्त असू शकत नाही. साध्या दोन पायलटांच्या विमानावर वाट पाहणं आणि त्यापुढची उड्डाण-ड्युटी मिळून १६ तासांच्या वर जाता येत नाही. विमानतळावर बसवून ठेवलं तर पहिल्या मिनिटापासून ती उड्डाण-ड्युटीच धरतात. कामावर येण्याआधी सलग १० तास विश्रांती, आणि त्यात ८ तास झोपेची संधी. हे कोणाच्या चांगुलपणातून आलेलं नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडलं, जमिनीवरच्या एकासह ५० जण गेले. चौकशीत निघालं की कॅप्टनने आदली रात्र नेवार्क विमानतळावरच्या क्रू रूममध्ये काढली होती, आणि को-पायलट रात्रभर प्रवास करून देशाच्या दुसऱ्या टोकाहून, सिअ‍ॅटलहून, ड्युटीवर आली होती. मेलेल्यांच्या नातेवाइकांनी वॉशिंग्टनमध्ये चकरा मारमारून कायदा करायला लावला. नवे नियम लागू व्हायला जानेवारी २०१४ उजाडलं. त्यातही नुसता माल वाहणाऱ्या कंपन्या वगळल्या. रात्री सगळ्यात जास्त उडतात त्याच!

आपल्याकडे डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याने, जानेवारी २०२४ मध्ये पायलटांच्या ड्युटी-विश्रांतीचे नवे नियम काढले. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. रात्र म्हणजे बारा ते पाच होती, ती बारा ते सहा. रात्रीच्या एका ड्युटीत सहा वेळा लँडिंग चालायचं, ते दोन वेळांवर आणलं. जून २०२४ पासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी कुरकुर केली, नियम पुढे गेले. पायलटांच्या संघटना दिल्ली हायकोर्टात भांडल्या, तेव्हा कुठे दोन टप्पे ठरले: १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५. म्हणजे कागद हातात पडल्यापासून जवळजवळ दोन वर्षं. एवढ्या वेळात माणूस घर बांधून राहायला जातो.

आणि डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. ३ ते ५ डिसेंबर या तीन दिवसांत २,५०७ उड्डाणं रद्द, १,८५२ उशिरा, तीन लाखांवर प्रवासी लटकले. आपल्या पुण्यात तर विमानं उभी होती आणि ती उडवायला क्रू नव्हता. पार्किंगच्या बहुतेक जागा त्याच विमानांनी अडवल्यामुळे दुसऱ्या कंपन्यांचीही कोंडी झाली. लोक तेव्हा शिव्या घालत होते नव्या नियमांना. 'पायलटांचे लाड' हा शब्दप्रयोग मी त्या आठवड्यात जेवढा ऐकला तेवढा आयुष्यात ऐकला नव्हता.

मला मात्र त्या दिवसांत बातम्यांतून आलेले दोन आकडे डाचतात. नोव्हेंबरसाठी लागणार होते २,४२२ कॅप्टन, कंपनीकडे होते २,३५७. फरक ६५ चा. अडीच हजारांच्या फौजेत ६५ माणसं कमी पडली आणि देशाचं सगळ्यात मोठं विमानजाळं आडवं? लॉबीत बसलेला कुठलाही माणूस सांगेल की एवढ्याने जाळं आडवं होत नाही. आडवं होतं ते जाळ्यात ढील शिल्लक नसते तेव्हा. पुढे डीजीसीएच्या चौकशी समितीनेही जवळपास हेच नोंदवलं: क्रू आणि विमानं जास्तीत जास्त वापरण्यावर भर, त्यापायी रोस्टरमधली मोकळीक खूपच घटवलेली, सावरायला जागा जेमतेम. दंड झाला २२ कोटी २० लाख. नफ्याचे आकडे माहीत असणाऱ्यांनी यावर हसून घ्यावं.

पण दंड नंतरची गोष्ट. त्याआधी ५ डिसेंबरला डीजीसीएने काय केलं? साप्ताहिक विश्रांतीच्या जागी रजा धरायची नाही, हे कलम मागे घेतलं. रात्रीच्या ड्युटीच्या नियमांतून इंडिगोला १० फेब्रुवारीपर्यंत सूट दिली. थोडक्यात, ज्याने तयारी केली नाही त्याला सवलत, आणि ज्या कंपन्यांनी माणसं भरून ठेवली त्यांनी आपला खर्च कपाळी मारून घ्यावा. अडकलेले प्रवासी घरी पोचवायचे होते, हे मला समजतं. सरकारकडे त्या दिवशी दुसरा मार्ग फारसा नव्हता, हेही कबूल. पण पुढच्या वेळी कोणती कंपनी वेळेत माणसं भरेल, सांगा.

आता पगाराकडे येतो, कारण ग्रुपवरची सगळी आग तिथेच होती. पायलटच्या पगारात एक हमीचा भाग असतो: महिन्याला अमुक इतक्या तासांचे पैसे, उडालात किंवा नाही. एप्रिल २०२४ मध्ये 'विस्तारा' या विमान कंपनीत गोंधळ झाला तो याच हमीवरून. एअर इंडियात विलीन होताना नव्या करारात हमी ७० तासांवरून ४० वर येत होती. पायलट मोठ्या संख्येने आजारी पडले, उड्डाणं रद्द झाली. आजारपणाची रजा टाकून संप करणं मला पटत नाही. रेल्वेतही पटलं नव्हतं. भांडायचं तर उघड भांडा. पण मागणी चुकीची नव्हती.

यात एक गुंता आहे, तो भाचीशी वाद घालताना मला उमगला. हमी कमी असेल तर कंपनीला जादा माणूस ठेवणं स्वस्त पडतं, पण त्या माणसाचं पोट प्रत्येक उड्डाणावर चालतं. मग अंग मोडून आलं तरी तो 'फटीग' (थकवा) कळवत नाही, कारण कळवलं की तास बुडाले. हमी जास्त दिली तर उलटं: फुकट पगार जायला नको म्हणून कंपनी प्रत्येकाकडून शेवटचा तास पिळून काढते आणि राखीव माणूस उरतच नाही. मी म्हणत होतो हमी वाढवा, सगळं सुटेल. ती म्हणाली, "मामा, हमी वाढवून स्टँडबायवरचा माणूस वाढत नाही, त्यालाच पहिल्यांदा उडवतात." बरोबर आहे तिचं. हमीसोबत राखीव माणसांची किमान संख्याही बांधून दिली पाहिजे. दोन्हींपैकी एकच केलं तर दुसरीकडून गळतं.

'नाही पटत तर सोडा नोकरी' असंही एकाने लिहिलं होतं. दादा, कॅप्टनला राजीनाम्यानंतर वर्षभर आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिने थांबावं लागतं. २०१७ पासून डीजीसीएचा तसा नियमच आहे. कंपनीला माणूस तुटू नये म्हणून सरकार एवढी काळजी घेतं. कंपनीने माणसं पुरेशी ठेवावीत म्हणून मात्र एवढा कडक एक ओळीचा नियम मला अजून दिसलेला नाही.

कोणी म्हणेल, सॉफ्टवेअर आलंय, आता राखीव माणसं कशाला? डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत साउथवेस्ट या विमान कंपनीचं बर्फाच्या वादळात इंडिगोसारखंच झालं. वादळ ओसरल्यावर बाकीच्या कंपन्या सावरल्या. यांना मात्र सॉफ्टवेअर असूनही आपला क्रू कुठे आहे तेच कळेना. आपण अमुक शहरात आहोत हे कळवायला पायलट तासन् तास फोन धरून बसले होते. १६ हजारांवर उड्डाणं रद्द झाली. आमचा सायकलवाला कॉलमन बरा म्हणायची वेळ.

डीजीसीए दर महिन्याला कंपन्यांची आकडेवारी जाहीर करतं: किती प्रवासी, किती सीट भरल्या, किती विमानं वेळेवर, किती रद्द आणि का. त्याच तक्त्यात आणखी दोन रकाने टाका. महिन्यात सरासरी किती पायलट स्टँडबायवर होते, आणि क्रू नाही म्हणून किती उड्डाणं रद्द झाली. 'ऑपरेशनल कारण' असं मोघम लिहिलेलं चालणार नाही. मी तिकीट काढताना ते दोन रकाने पाहीन. ग्रुपवरच्या मंडळींनी खुशाल दोनशे रुपयांनी स्वस्त तिकीट काढावं.