‘रॉबर’ आणि ‘डकॉइट’ एक नव्हेत

स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी इंग्रजी शब्दांची एक यादी मोबाइलवर फिरते आहे. तिच्यात थीफ, रॉबर, बर्गलर आणि डकॉइट हे चारही ‘चोर’ या अर्थाचे समानार्थी शब्द म्हणून दिले आहेत. ते चूक आहे, आणि मुलं ते तसंच पाठ करताहेत याचं वाईट वाटतं.

नकळत खिसा कापणारा तो थीफ. मारहाण करून किंवा धाक दाखवून हिसकावणारा रॉबर. आपले पोलीस त्याला जबरी चोरी म्हणतात. डकॉइट हा तर आपल्याकडच्या ‘डकैत’वरून इंग्रजीत गेलेला शब्द. भारतीय कायद्यात जबरी चोरी करणारे, तिचा प्रयत्न करणारे आणि तिथे हजर राहून मदत करणारे मिळून किमान 5 जण असले, तरच तो दरोडा. चौघे असतील तर नाही! भारतीय दंड संहितेच्या कलम 391 मधली ही अट 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 310 मध्येही कायम आहे.

बर्गलर म्हणजे घरफोड्या. इंग्लंडच्या 1968 च्या कायद्यानुसार चोरीच्या इराद्याने बेकायदा घरात शिरणं पुरेसं आहे, हाती काही लागलं नाही तरी.